माहिती दाबणाऱ्या चिपची चाळीस वर्षे

टेप ड्राइव्हला मध्येच थांबणे परवडत नाही. टेप ठरावीक वेगाने हेडसमोरून सरकत असते आणि संगणकाकडून त्याच वेगाने माहिती येत राहिली तरच लिहिणे अखंड चालते. पुरवठा तुटला की टेप थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा वेग पकडते आणि राहिलेल्या जागेपासून लिहायला लागते. या मागेपुढे करण्यात वेळ जातो, टेप आणि हेड दोन्ही झिजतात, रात्रीत संपायचे काम सकाळपर्यंत रेंगाळते. १९८० च्या दशकात बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांचा बॅकअप टेपवरच चाले. टेपवर अधिक माहिती मावावी म्हणून ती आधी दाबून घ्यावी, म्हणजे कॉम्प्रेस करावी, ही कल्पना कुणालाही सुचण्यासारखी होती. पण दाबण्याचे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडे दिले की तो इतका मागे पडे की टेपपर्यंत माहिती वेळेत पोहोचतच नसे. हे काम ड्राइव्हच्या आतच, त्यासाठी मुद्दाम घडवलेल्या चिपने करायला हवे होते. आयबीएमने १९८४ साली बाजारात आणलेल्या ३४८० या टेप ड्राइव्हला पुढच्या काही वर्षांत अशी सोय जोडली, आणि दुसऱ्या बाजूला लहान टेप ड्राइव्ह बनवणारे कारखाने अशी चिप कोण देईल याच्या शोधात होते.

या चिपचा पुढचा प्रवास सरळ झाला नाही. वेगळे कार्ड म्हणून ती विकली गेली आणि मागे पडली, मुख्य मेमरीच्या तोंडाशी बसवली गेली आणि तिथूनही हटली, मग पुन्हा कार्डावर आली आणि शेवटी प्रोसेसरच्या आत शिरली. तिचे हरणे-जिंकणे केवळ वेगावर ठरले असे सहसा मानले जाते. मला तसे वाटत नाही. माहितीपासून चिप किती दूर बसली आहे आणि दाबण्याची पद्धत कुणाच्या मालकीची आहे, या दोन गोष्टींनी तिचे नशीब जास्त ठरवले.

मूळ गणित जुने आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली कोणत्याही संदेशात खरी माहिती किती आणि पुनरुक्ती किती हे मोजण्याची रीत दिली. डेव्हिड हफमन यांनी एमआयटीत विद्यार्थी असताना, रॉबर्ट फानो या प्राध्यापकांनी दिलेल्या टिपणाच्या निमित्ताने, वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब खूण देण्याची सर्वोत्तम पद्धत शोधली. ती १९५२ साली छापली गेली. पण हफमनच्या पद्धतीला एकेक अक्षर दिसते, शब्द किंवा वाक्यांश दिसत नाहीत. ती उणीव इस्रायलमधल्या हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेतले दोन प्राध्यापक, जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल, यांनी १९७७ साली भरून काढली.

त्यांची युक्ती दोन वाक्यांत सांगता येते. मजकूर वाचत पुढे जाताना, समोर आलेला तुकडा मागे कुठे येऊन गेला आहे का ते पाहायचे. आला असेल तर तो पुन्हा न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे जा आणि इतकी अक्षरे उचल’ एवढीच खूण लिहायची. भाषा कोणती, मजकूर कसला, यातले काहीही आधी ठाऊक असण्याची गरज नाही. मागे किती दूरवर बघायचे त्या पट्ट्याला खिडकी म्हणतात. खिडकी मोठी असेल तितकी जुळणी सापडण्याची शक्यता जास्त आणि शोधण्याची मेहनतही जास्त. १९७८ साली दोघांनी दुसरा निबंध लिहिला. त्यात मागे वळून पाहण्याऐवजी आलेल्या तुकड्यांचा कोश बांधत जाण्याची रीत होती. माहिती जराही न गमावता दाबणाऱ्या पुढच्या बहुतेक कॉम्प्रेशन पद्धती या दोन निबंधांच्या वंशातल्या आहेत.

मराठी मजकुराला तर या युक्तीचा मोठाच आधार आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूढ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. त्या तीनपैकी पहिला बाइट प्रत्येक वेळी तोच असतो आणि दुसरा केवळ दोन प्रकारचा. म्हणजे पानभर मराठीत जवळपास दर तिसरा बाइट हुबेहूब सारखा. मराठी संकेतस्थळ मोबाइलवर येताना दाबलेल्या रूपात येते, तेव्हा या पुनरुक्तीचा मोठा भाग वाटेतच गळून गेलेला असतो.

ही साधी युक्ती चिपवर उतरवणे मात्र कठीण होते. शोधाचे काम सिलिकॉनला मानवते. खिडकीतल्या प्रत्येक बाइटपाशी एक तुलना करणारा घटक ठेवला, तर समोर आलेला बाइट एकाच ठोक्यात सगळ्यांशी ताडून पाहता येतो. जे काम प्रोसेसर शेकडो पायऱ्यांत करतो ते इथे एका पायरीत होते. पण २ किलोबाइटच्या खिडकीला असे २,०४८ घटक लागतात आणि ३२ किलोबाइटच्या खिडकीला ३२,७६८. तेवढी जागा त्या काळच्या चिपवर कुठून आणायची? शिवाय एक जुळणी किती लांब आहे हे कळल्याशिवाय पुढची कुठून सुरू करायची ते ठरत नाही. या युक्तीला हफमनच्या खुणा जोडल्या तर उलगडताना अडचण वाढते, कारण त्या खुणा वेगवेगळ्या लांबीच्या असतात आणि पहिली वाचून झाल्याशिवाय दुसरी कुठे सुरू होते हेच समजत नाही. समांतर काम करण्यात चिपचे बळ असते, आणि ही पद्धत एकामागून एक चालण्याचा आग्रह धरते. या क्षेत्रातल्या अभियंत्यांची चाळीस वर्षांची बुद्धी याच एका विरोधावर खर्ची पडली आहे.

टेरी वेल्च यांनी हा विरोध ओळखला होता. स्पेरी कंपनीच्या संशोधन केंद्रात असताना त्यांनी १९७८ च्या निबंधातली रीत इतकी सुटसुटीत केली की डिस्कच्या कंट्रोलरमध्ये ती बसवता यावी. १९८४ साली ‘आयईईई कॉम्प्युटर’ या मासिकात त्यांनी ती सविस्तर लिहिली. हार्डवेअरसाठी घडलेली ही पद्धत हार्डवेअरवाल्यांच्या आधी सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली. युनिक्सचा ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्राम त्याच वर्षी तिच्यावर उभा राहिला, आणि १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने ‘जिफ’ हे चित्रांचे फॉरमॅट तिच्यावर बेतले. वेल्च यांच्या पद्धतीवर १९८५ साली पेटंट मंजूर झाले होते. पुढच्या वर्षी स्पेरी आणि बरोज या कंपन्या एक होऊन युनिसिस झाली आणि पेटंट तिच्याकडे गेले. जिफ वापरणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. १९९४ च्या डिसेंबरात परवाना शुल्काची घोषणा झाली तेव्हा तो लागला.

आता पॅसाडेनाला जाऊ. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, इथल्या संगणकशास्त्राच्या काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९८३ साली स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. गॅरी क्लाऊ तिचे प्रमुख, डग व्हायटिंग तिचा गणिती मेंदू. स्वतःचा चिप कारखाना नाही. आराखडा आपण करायचा, चिप दुसऱ्याकडून घडवून घ्यायची आणि ती टेप ड्राइव्ह बनवणाऱ्यांना विकायची, असा बेत होता. भांडवल गुंतवणाऱ्यांचे डोळे मात्र टेपपेक्षा हार्ड डिस्कच्या कितीतरी मोठ्या बाजारावर लागलेले होते.

स्टॅकची पद्धत, एलझेडएस, ही चिपच्या मापाने शिवलेली होती. खिडकी अवघी २ किलोबाइटची. जवळची जुळणी ७ बिटांत सांगायची, लांबची ११ बिटांत. खुणांची लांबी आधीच ठरलेली, त्यामुळे मजकूर एकदा वाचून, मोजून, मग तक्ता करण्याची भानगड नाही. मोठ्या खिडकीच्या पद्धतीइतके ती दाबत नसे, पण न अडखळता दाबत असे आणि टेपला तेवढेच हवे होते. पाव इंची टेप बनवणाऱ्यांच्या संघटनेने तिला क्यूआयसी-१२२ या मानकात जागा दिली.

डिस्ककडे वळताना स्टॅकला वेगळीच अडचण आली. टेपवर माहिती ओळीने लिहिली जाते, दाबलेल्या तुकड्याची लांबी बदलली तरी बिघडत नाही. डिस्कवर प्रत्येक सेक्टर ठरलेल्या मापाचा असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याच मापाचा हिशेब ठेवते. दाबलेले तुकडे कमीजास्त लांबीचे निघाले की तो सगळा हिशेब मोडतो. म्हणून चिपच्या जोडीला एक सॉफ्टवेअर लागले, जे डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला नेहमीची डिस्क दाखवेल आणि पडद्यामागे दाबलेल्या तुकड्यांची नोंद ठेवेल. ‘स्टॅकर’ या नावाने ते १९९० च्या सुमारास बाजारात आले. सोबत आयएसए स्लॉटमध्ये बसणारे, स्टॅकची चिप असलेले कार्ड घेता येई. कार्ड नको असेल तर दाबण्याचे काम प्रोसेसर स्वतः करी.

त्या वेळी घरगुती आणि कार्यालयीन संगणकांत २० ते ८० मेगाबाइटच्या डिस्क असत आणि नवी डिस्क महाग पडे. एका सॉफ्टवेअरच्या खर्चात डिस्क जवळपास दुप्पट होणे ही किती मोठी गोष्ट होती, हे आज सांगून पटणार नाही. स्टॅकर धडाक्याने खपले. पण जे खपले ते मुख्यतः सॉफ्टवेअर. ३८६ आणि नंतरचे ४८६ प्रोसेसर इतके चपळ झाले होते की कार्डाशिवायही काम भागे. उलट डिस्कवरून कमी बाइट वाचावे लागत असल्याने वेळेची काही भरपाईही होई. चिप विकण्यासाठी जन्मलेली कंपनी सॉफ्टवेअरवर श्रीमंत झाली. कार्डाची ही पहिली हार, आणि ती दर अठरा-वीस महिन्यांनी बळावत जाणाऱ्या प्रोसेसरने केली होती.

यश असे डोळ्यांत भरणारे असले की मोठ्यांचे लक्ष जाते. डिजिटल रिसर्चने १९९१ साली डीआर-डॉस ६.० मध्ये दुसऱ्या एका कंपनीचे डिस्क दाबणारे सॉफ्टवेअर घालून दिले. मायक्रोसॉफ्टलाही आपल्या पुढच्या डॉसमध्ये तशी सोय हवी होती. तिने स्टॅकशी बोलणी सुरू केली. त्या बोलण्यांत मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी स्टॅकरचा कोडही तपासला. बोलणी पैशावर फिसकटली, कारण विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे रक्कम द्यायला मायक्रोसॉफ्ट तयार नव्हती. तिने व्हर्टिसॉफ्ट कंपनीकडून तंत्र घेतले आणि मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० बरोबर ‘डबलस्पेस’ बाजारात आणले. ते येणार हे कळताच, जानेवारी १९९३ मध्येच, स्टॅकने लॉस एंजेलिसच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला होता.

दाव्याचा पाया दोन पेटंटांचा होता. एक १९८७ चे, जॉन वॉटरवर्थ यांचे, मूळचे फेरांती या ब्रिटिश कंपनीच्या नावे असलेले आणि पुढे स्टॅकच्या हाती आलेले. दुसरे १९९१ चे, व्हायटिंग आणि सहकाऱ्यांचे. दोन्हींचा विषय हाच की मागची जुळणी झटपट कशी शोधायची. २३ फेब्रुवारी १९९४ रोजी ज्युरीने मायक्रोसॉफ्टने या पेटंटांचा भंग केल्याचा निर्णय देऊन स्टॅकला १२ कोटी डॉलर भरपाई ठरवली. भंग हेतुपुरस्सर नव्हता असेही ज्युरीने म्हटले. त्याच ज्युरीने मायक्रोसॉफ्टचा प्रतिदावाही मान्य केला. एमएस-डॉस ६.० मध्ये कॉम्प्रेशनचा ड्रायव्हर सगळ्यांच्या आधी चढवण्याची एक जाहीर न केलेली वाट होती. स्टॅकने ती स्वतः उकलून स्टॅकरसाठी वापरली, म्हणून तिला १ कोटी ३६ लाख डॉलर द्यायला सांगितले गेले. मायक्रोसॉफ्टला डबलस्पेस काढून टाकलेले डॉस ६.२१ विकावे लागले. जूनमध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने स्टॅकमध्ये ३ कोटी ९९ लाख डॉलर गुंतवले आणि परवान्यापोटी ४ कोटी ३० लाख डॉलर द्यायचे कबूल केले. दाबण्याची पद्धत बदललेले ‘ड्राइव्हस्पेस’ घेऊन डॉस ६.२२ आले.

लहान कंपनीने बलाढ्य कंपनीला कोर्टात हरवले म्हणून हा खटला आजही सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. आपले काम न्यायालयात सिद्ध करणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला आदर वाटतो. पण त्यांच्या विजयाने एक गोष्ट साऱ्या उद्योगाला शिकवली: दुसऱ्याच्या मालकीच्या पद्धतीवर सिलिकॉन खर्च करू नये. सॉफ्टवेअर काही महिन्यांत बदलता येते, डॉस ६.२२ ने तसे केलेही. चिपमध्ये कोरलेली पद्धत बदलत नाही. पद्धतीवर पेटंटाची टांगती तलवार असेल तर ती प्रोसेसरच्या आत घालण्याचे धाडस कोणता कारखाना करील?

स्टॅकरचा बाजार मात्र कोर्टाने नव्हे, स्वस्त झालेल्या डिस्कने संपवला. गिगाबाइटच्या डिस्क सामान्य झाल्या आणि दुप्पट जागेचे आकर्षण उरले नाही. स्टॅक आपल्या चिपकडे परतली. टेलिफोनच्या तारा आणि भाड्याच्या लाइन अजून महागच होत्या, त्यामुळे राउटरांत दाबणाऱ्या चिपला गिऱ्हाईक होते. हा व्यवसाय १९९८ साली ‘हायफन’ नावाने वेगळा झाला आणि मूळ कंपनीपेक्षा जास्त टिकला. मूळ कंपनी नाव बदलून २००२ मध्ये बंद झाली. हायफन २००९ साली एक्सार कंपनीने घेतली.

सामान्य माणसाच्या घरात माहिती दाबणारी वेगळी पेटी आली ती मोडेमच्या रूपाने. व्ही.४२ बिस या १९९० च्या आंतरराष्ट्रीय मानकात लेम्पेल-झिव्ह वंशाची पद्धत होती आणि दाबणे-उलगडणे मोडेम स्वतःच करी, संगणकाला कळतही नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत लोकांना इंटरनेट खुले केले, तेव्हा फोनची तार कुरकुरत सेकंदाला जेमतेम हजार बाइट आणत असे. अशा तारेवर साधा मजकूर निम्म्यावर येणे म्हणजे बिल निम्म्यावर येणे. त्या काळी मुंबईत डायल-अप वापरलेल्या पुष्कळांनी हार्डवेअरमधले कॉम्प्रेशन नकळत वापरले आहे.

मग आली मुक्त पद्धत. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीचे फिल कात्झ यांनी पीकेझिप या आपल्या प्रोग्रामच्या १९९३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डिफ्लेट’ हे फॉरमॅट आणले. १९७७ च्या निबंधातली सरकती खिडकी, इथे ३२ किलोबाइटची, आणि तिच्यावर हफमनच्या खुणा. कात्झ यांच्याकडे शोधाच्या एका रीतीचे पेटंट होते, पण त्या रीतीने न शोधताही डिफ्लेट फाइल तयार करता येई. झाँ-लू गाइ आणि मार्क अ‍ॅडलर यांनी ‘जीझिप’ आणि ‘झेडलिब’ लिहून तेच सिद्ध केले. त्यांनी पेटंटांतल्या वाटा चुकवत मार्ग काढला आणि कोड सगळ्यांना मोकळा दिला. मे १९९६ मध्ये एल. पीटर डॉइच यांनी हे फॉरमॅट १७ पानांत लिहून काढले. ते आरएफसी १९५१ म्हणून प्रसिद्ध झाले. जिफच्या पेटंटाला कंटाळलेल्यांनी बनवलेले ‘पीएनजी’ चित्र, वेबवरची दाबलेली पाने, झिप फाइल, या सगळ्यांच्या पोटात डिफ्लेट आहे. कात्झ यांना हे फारसे पाहायला मिळाले नाही. एप्रिल २००० मध्ये, ३७ व्या वर्षी, ते वारले.

डिफ्लेट चिपसाठी घडवलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. ३२ किलोबाइटची खिडकी, मजकूर मोजून मग करायचा तक्ता, वेगवेगळ्या लांबीच्या खुणा: चिप घडवणाऱ्याला नको असलेले सगळे त्यात होते. तरी त्यात एक गुण होता जो एलझेडएसमध्ये नव्हता. ते कुणाचे नव्हते.

आयबीएमने तोवर भलतीच वाट धरली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या वॉटसन संशोधन केंद्रात पीटर फ्रानाशेक आणि सहकाऱ्यांनी विचार केला की डिस्क आणि तारा सोडून संगणकाची मुख्य मेमरीच दाबली तर? मेमरीतला १ किलोबाइटचा तुकडा घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, चार यंत्रे एकाच वेळी एकेका भागावर चालवायची आणि चौघांनी मिळून एकच कोश वापरायचा. एकामागून एक चालण्याच्या आग्रहाला दिलेले हे फार सुंदर उत्तर होते. उलगडायला लागणारा वेळ झाकण्यासाठी ३२ मेगाबाइटची न दाबलेली कॅश पुढे ठेवली. जून २००० मध्ये आयबीएमने सर्व्हरवर्क्स कंपनीबरोबर याची चिप जाहीर केली. नाव एमएक्सटी.

मेमरी जवळपास दुप्पट दिसू लागली, पण एक विचित्र प्रश्न उभा राहिला. मेमरी किती आहे हे आता तिच्यात काय लिहिले आहे यावर ठरत होते. कमी दाबली जाणारी माहिती अचानक आली तर ऑपरेटिंग सिस्टिमला मोकळी वाटणारी मेमरी प्रत्यक्षात संपलेली असे. हा हिशेब कसा सांभाळायचा यावर काम करणाऱ्यांत बुलेंट अबाली हे संशोधक होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो सोडवलाही, आणि २००१ च्या आयबीएमच्या संशोधन नियतकालिकात तो सविस्तर छापला. तोवर मेमरी इतकी स्वस्त झाली की दुप्पट मेमरी विकत घेणेच सोपे ठरले. एमएक्सटी पसरले नाही. डिस्कने स्टॅकरचे जे केले तेच मेमरीने एमएक्सटीचे केले. अबाली यांचे नाव मात्र ध्यानात ठेवा.

टेपने या सगळ्या काळात चिप सोडली नाही. २००० साली आलेल्या एलटीओ टेपच्या प्रत्येक ड्राइव्हमध्ये दाबणारे सिलिकॉन होते आणि आजही आहे. पहिल्या पिढीच्या खोक्यावर १०० गिगाबाइट आणि २०० गिगाबाइट असे दोन आकडे छापलेले असत, दुसरा माहिती निम्म्यावर येईल असे धरून. चिप अगदी माहितीच्या वाटेवर बसलेली, तिच्याकडे वेगळा फेरा मारावा लागत नाही. टेपमधली चिप टिकण्याचे कारण तेच.

कार्डाचे दुखणे नेमके इथे होते. कार्डाकडे काम द्यायचे म्हणजे आधी माहिती त्याच्या जागी पोहोचवायची, ड्रायव्हरला सांगायचे, रांगेत थांबायचे, काम झाल्याचा निरोप घ्यायचा आणि माहिती परत आणायची. मोठ्या फाइलला हे परवडते. ४ किलोबाइटच्या तुकड्याचे काम मात्र कार्डाचा फेरा पुरा होण्याआधी प्रोसेसर स्वतःच उरकून टाकी. त्यात २०११ साली आलेल्या एलझेड४ आणि स्नॅपी यांसारख्या अतिचपळ पद्धतींनी सॉफ्टवेअरला आणखी बळ दिले. तरी मोठ्या डेटा सेंटरांत वेगळेच चित्र दिसू लागले होते. गूगलच्या संशोधकांनी हार्वर्डच्या सहकाऱ्यांसह २०१५ साली आपल्या सर्व्हरांचा अभ्यास मांडला. त्यात प्रोसेसरचा जवळपास ३० टक्के वेळ अशा सामाईक हमालीत जात असल्याचे दिसले, आणि कॉम्प्रेशन हा तिचा मोठा घटक होता. प्रोसेसर आता दरवर्षी पूर्वीसारखे झेपावत नव्हते. स्टॅकच्या कार्डाला हरवणारी लाट ओसरली होती.

आयबीएमने २०१३ साली आपल्या मेनफ्रेमसाठी डिफ्लेट दाबणारे झेडईडीसी नावाचे कार्ड आणले. ते चालले, पण फेऱ्याचे दुखणे कायम राहिले. मग तसे यंत्र प्रोसेसरच्या आत नेले गेले: आधी २०१७ च्या पॉवर९ प्रोसेसरमध्ये, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या झेड१५ मेनफ्रेममध्ये. झेड१५ वर तर ड्रायव्हर नाही, रांग नाही. प्रोग्राम इतर कुठल्याही आज्ञेसारखी एक आज्ञा देतो आणि शेजारचे यंत्र मेमरीतून माहिती उचलून दाबून परत ठेवते.

या यंत्रावरचा निबंध २०२० च्या संगणक रचनेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आला. पहिले नाव बुलेंट अबाली यांचे. एमएक्सटीनंतर जवळपास वीस वर्षांनी हा माणूस पुन्हा त्याच प्रश्नापाशी होता. आकडे थक्क करणारे आहेत. पॉवर९ मधले एक यंत्र चिपच्या अर्ध्या टक्क्याहून कमी जागा घेते. एका कोअरवर चालणाऱ्या झेडलिबच्या तुलनेत ते ३८८ पट वेगवान आहे, आणि चिपवरच्या सगळ्या कोअरांनी मिळून केलेल्या कामाच्या १३ पट. पूर्ण भरलेल्या झेड१५ मध्ये अशी सगळी यंत्रे मिळून सेकंदाला २८० गिगाबाइटपर्यंत माहिती दाबतात. १९९१ च्या ८० मेगाबाइटच्या डिस्कशी हे ताडून पाहायला कागद-पेन्सिल लागत नाही.

बाकीचेही त्याच दिशेने आले. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१९ मध्ये ‘झिपलाइन’ या नावाने दाबण्याची पद्धत आणि तिच्या चिपचा आराखडा, थेट कारखान्याला देता येईल अशा भाषेत लिहिलेला, सगळ्यांना खुला केला. २५ वर्षांपूर्वी पेटंटाच्या खटल्यात हरलेल्या कंपनीने असे करावे, याला मी त्या खटल्याने शिकवलेल्या धड्याची पावती मानतो. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये उलगडणारे यंत्र मुख्य चिपमध्येच ठेवले. त्याचे काम प्रोसेसरवर टाकले असते तर नऊ कोअर त्यातच गुंतले असते, असे रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितले. इंटेलचे क्विकअसिस्ट आधी कार्डावर, मग चिपसेटमध्ये आणि जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरमध्ये थेट आत आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेम्पेल गेले आणि मार्चमध्ये झिव्ह.

हे सगळे घडवणाऱ्यांत मी सर्वांत वरची जागा डिफ्लेट मोकळे ठेवणाऱ्यांना देईन. चिपची रचना अबाली आणि त्यांच्यासारख्या अभियंत्यांची, तिचा वेग अफाट, पण ती प्रोसेसरच्या आत घालण्याची हिंमत आयबीएमला झाली ती दाबलेली फाइल जगात कुठेही, कुणालाही न विचारता उघडेल या खात्रीमुळे. झेड१५ ने आज दाबलेली जीझिप फाइल १९९० च्या दशकातला जीझिप प्रोग्राम उघडतो, आणि त्या काळी दाबलेली फाइल झेड१५ उघडते.